खाड्याचे पैसे आणि जिम लेथम

विगन, ली, वॉरिंग्टन, सेंट हेलेन्स आणि आसपास राहणाऱ्या मराठी आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात मुलांच्या वार्षिक सहलीचं ठरवायला आपण सगळे जमलो होतो. ओल्ड ट्रॅफर्ड की ॲनफील्ड, कुठलं फुटबॉलचं मैदान दाखवायचं, यावर बराच वेळ गेला. मध्येच मी म्हटलं, एकदा आपल्याच गावच्या रग्बी लीगच्या सामन्याला नेऊ या का? त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, ती मजुरांची रग्बी. दाखवायचीच तर युनियन दाखवा. पुढे शाळेत, नोकरीत ओळखीला उपयोगी पडते." (रग्बीचे दोन वेगळे प्रकार आहेत, लीग आणि युनियन.) दोघातिघांनी मान डोलावली. मी काही बोलले नाही आणि विषय पुढे सरकला. घरी आल्यावर मात्र आपण गप्प बसलो हेच मला लागून राहिलं. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसाठी आहे, त्या गृहस्थांवर माझा राग नाही.

"मजुरांची रग्बी" हे शब्द चुकीचे नाहीत, अगदी खरे आहेत. पण ते ज्या सुरात उच्चारले गेले तो सूर मला मान्य नाही. का, ते एका माणसाच्या खेळावरून सांगते. त्याचं नाव जिम लेथम. विंगर होता. विगनच्या लोकांनी त्याला 'जंटलमन जिम' हे नाव दिलं होतं.

हे नाव मला कसं कळलं ते आधी सांगते. आपल्यापैकी निम्मेजण शनिवारी ज्या मोठ्या टेस्कोत जातात तिथे मी रांगेत उभी होते. सोबत माझा धाकटा, त्याच्या अंगात चिखलाने माखलेली क्लबची जर्सी, कारण सामना संपवून आम्ही थेट तिकडे गेलो होतो. मागे एक आजोबा उभे होते, हातात पाव आणि दुधाची बाटली. त्यांनी पोराला विचारलं, कुठे खेळतोस? तो म्हणाला, विंगवर. आजोबांनी पायाखालच्या फरशीकडे बोट केलं आणि म्हणाले, "मग तू योग्य जागी उभा आहेस, बाळा. हे सेंट्रल पार्क आहे."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी पैसे देऊन झाल्यावर, पिशवी तशीच हातात धरून, पाऊण तास सांगितलं. जिथे आपण कांदे-बटाटे घेतो तिथे १९०२ पासून १९९९ पर्यंत विगनच्या रग्बी लीग संघाचं मैदान होतं. शेवटचा सामना सेंट हेलेन्सशी झाला, विगनने जिंकला आणि नंतर मैदान पाडलं. आजोबा लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिथे जायचे. त्यांच्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी लेथमच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तीन पिढ्यांमधून गाळून आलेलं ते नाव त्या दिवशी माझ्या मुलाच्या हातात पडलं. नंतर मी ग्रंथालयात बसून जे मिळालं ते वाचलं.

पण लेथम समजायचा तर आधी खाडा समजायला हवा. आणि खाडा मला इंग्लंडमध्ये येऊन शिकावा लागला नाही.

माझे आजोबा लालबागला गिरणीत साचे चालवायचे आणि कबड्डी खेळायचे. डावा कोपरा सांभाळायचे. पट काढण्यात हात धरणारं कोणी नाही अशी त्यांची चाळीत ख्याती होती. पण सामना बाहेरगावी असला की त्या दिवसाचा खाडा, आणि खाडा झाला की पगार कापलेला. बोट मुरगळलं, गुडघा सुजला, तर आणखी चार खाडे. आजी सांगायची, "ढाल घरात यायची आणि आठवड्याचा बाजार जायचा." ती हे तक्रार म्हणून सांगत नसे. पण ते वाक्य ती कधी विसरलीही नाही.

आता विगनमध्ये या. १८९० च्या आसपास इथे कोळशाच्या खाणी आणि कापसाच्या गिरण्या. शनिवारी अर्धा दिवस काम आणि दुपारी रग्बी. सामना लांबच्या गावात असला तर सकाळचीच गाडी पकडावी लागे, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्याला हे लोक 'ब्रोकन टाइम' म्हणायचे. आपण ज्याला खाडा म्हणतो तोच. सामन्याला हजारो लोक तिकीट काढून यायचे, क्लबाच्या पेटीत पैसे जमायचे आणि ज्याच्यासाठी लोक यायचे तो मात्र घरी रिकाम्या हाताने परतायचा. १८९३ साली उत्तरेकडच्या क्लबांनी लंडनमधल्या सभेत एवढंच मागितलं की खेळाडूच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करायची परवानगी द्या. पगार मागितला नव्हता. मतदान झालं. बाजूने १३६, विरोधात २८२. ज्यांना शनिवारी कामाला जावं लागत नव्हतं त्यांनी ठरवलं की खेळ पैशाशिवाय शुद्ध राहतो.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, लँकाशायर आणि यॉर्कशायरच्या क्लबांचे प्रतिनिधी हडर्सफील्डच्या स्टेशनजवळच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. नवीन संघटनेचं नाव नॉर्दर्न युनियन. विगनही त्यात होतं. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त ६ शिलिंग. ज्या खेळाला आज आपण रग्बी लीग म्हणतो त्याचा जन्म या ६ शिलिंगांमधून झाला. जगात दुसरा कुठला खेळ खाड्याच्या पैशासाठी वेगळा झाला असेल असं मला वाटत नाही. आणि त्याची शिक्षा? जो कोणी नॉर्दर्न युनियनकडून खेळेल त्याला जुन्या रग्बीची दारं कायमची बंद. ही बंदी दहावीस वर्षं नाही, शंभर वर्षं टिकली. ऑगस्ट १९९५ मध्ये जुन्या रग्बीने, म्हणजे आजच्या रग्बी युनियनने, स्वतःच पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा ती संपली.

आपण ज्याला प्रतिष्ठा म्हणतो आहोत ती कशातून आली आहे हे मुलांना सांगताना निदान आपल्याला ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

जिम लेथमचा जन्म १८७९ चा, लँकेस्टरचा. म्हणजे फाटाफूट झाली तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता. पैशाच्या भांडणात त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण त्याचं सगळं आयुष्य त्या भांडणाच्या निकालावर उभं राहिलं. लँकेस्टरचाही नॉर्दर्न युनियनमध्ये क्लब होता. पुढे तो टिकला नाही. लेथम तिथून विगनला आला तो १९०३ च्या सुमारास, आणि १९१२ पर्यंत विगनचाच राहिला.

त्या काळचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे आजच्यासारखा करारपत्रवाला नव्हे. १८९८ पासून खेळाचे पैसे उघडपणे द्यायला मुभा मिळाली, पण एक अट होती. खेळाडूला दुसरी खरीखुरी नोकरी हवीच. नोकरी सुटली तर शनिवारी मैदानात उतरता येत नसे. दारूच्या गुत्त्यातली वाढप्याची किंवा बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजायची नोकरी चालत नसे, कारण तशा जागा क्लबवाले नुसत्या नावाला देतील अशी शंका. खाण बंद पडली, हात गेला, मालकाने काढलं, की मजुरीही गेली आणि खेळही गेला. ही अट १९०५ साली उठली. लेथमची विगनमधली पहिली काही वर्षं या अटीखाली गेली.

आता विंगर म्हणजे काय, हे ज्यांनी कधी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी. मैदानाच्या अगदी कडेला, रेषेला चिकटून उभा राहणारा तो विंगर. एका बाजूला रेषा, दुसऱ्या बाजूला अंगावर येणारा माणूस. रेषेवर पाय पडला की संपलं. कबड्डीत चढाई करणाऱ्याला शेवटच्या रेषेचं भान जसं न बघता ठेवावं लागतं, तसं याला प्रत्येक पावलाला ठेवावं लागतं. कितीतरी वेळ त्याच्याकडे चेंडू येतच नाही. थंडीत बोटं आखडून जातात. आणि मग आतल्या दहा जणांच्या मेहनतीने तयार झालेली एक फट त्याच्यासमोर उघडते, फार तर दोन सेकंद. तेवढ्यात पोचायचं असतं.

मागच्या फेब्रुवारीत माझ्या पोराला अशी फट मिळाली. चेंडू त्याने छातीशी धरला, चार पावलं पळाला, पाचवं पाऊल चिखलात घसरलं आणि रेषेच्या बाहेर पडलं. पंचाचा झेंडा वर. तो तसाच पालथा पडून राहिला आणि मी कुंपणाला धरून उभी. पलीकडच्या संघाचा एक पालक पुढे वाकून म्हणाला, "पुढच्या वेळी आतल्या पायावर जोर दे, पोरा." शिकवणारा स्वतः विटा बांधायचं काम करणारा होता, त्याच्या बुटांवर अजून सिमेंट होतं. मला हे गाव त्या दिवशी जास्त आवडलं.

लेथमच्या काळात हे काम आणखी कठीण होतं. कातडी चेंडू पाऊस पिऊन धोंड्यासारखा जड व्हायचा. १९०६ पर्यंत दोन्हीकडे पंधरा-पंधरा माणसं, मैदान भरलेलं, पुढच्या फळीची रेटारेटी संपतच नसे आणि चेंडू कडेपर्यंत यायचाच नाही. १९०६ मध्ये नॉर्दर्न युनियनने दोन-दोन माणसं कमी केली, तेरा-तेरा ठेवली. धरलेल्या खेळाडूला उठून चेंडू पायाने मागे देण्याचा नियम आणला, त्याला 'प्ले-द-बॉल' म्हणतात. मैदान मोकळं झालं, चेंडू हातोहात फिरू लागला. लोकांनी तिकिटाचे पैसे मोजले होते, त्यांना पळणारा माणूस बघायचा होता, आणि कारभाऱ्यांनी ते ऐकलं. मजुरांच्या रग्बीने खेळ सुधारला तो असा.

लेथम या बदलाच्या अगदी ऐन मोक्याला, सत्तावीस वर्षांचा होता. विगनसाठी त्याने पावणेतीनशेच्या वर सामने खेळले आणि २५८ ट्राय केले, म्हणजे जवळजवळ सामन्यामागे एक. ट्राय म्हणजे चेंडू घेऊन पळत जाऊन समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं. शिवाय २६७ गोल, म्हणजे लाथेने चेंडू दोन खांबांमधून पार करणं. विंगर असून लाथेने गोल मारणंही त्याच्याकडेच. ट्रायला तेव्हा तीन गुण होते, गोलला दोन. बेरीज करून पाहा, १,३०८ गुण होतात. धावून दमलेल्या माणसाने छाती वरखाली होत असताना चिखलात टाचेने खळगा करायचा, त्यात चेंडू उभा ठेवायचा, दोन-चार पावलं मागे जायचं आणि श्वास आवरून मारायचा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आकडे वाचताना त्यामागचा दम दिसत नाही.

त्याच्या बाजूला कोण होते तेही बघण्यासारखं आहे. बर्ट जेंकिन्स वेल्सचा. लान्स टॉड न्यूझीलंडचा, १९०७ साली तिथला पहिला व्यावसायिक संघ इथे आला त्याच्याबरोबर आलेला आणि विगनने ठेवून घेतलेला. दुसऱ्या टोकाच्या विंगवर जो मिलर. विगनच्या त्या मागच्या फळीत अशी बाहेरून पोटासाठी आलेली माणसं होती आणि गावाने त्यांना आपलं म्हटलं. आपणही या गावात बाहेरूनच आलो आहोत.

१९०९ साली विगन पहिल्यांदा सगळ्या लीगचं विजेतं झालं. अंतिम सामन्यात ७-३ ने हरवलं ते ओल्डहॅमला. हे वाचताना माझा हात थांबला. ओल्डहॅम हे नाव मी लहानपणी लालबागला ऐकलेलं आहे. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची होती आणि आजोबा ते नाव 'पलाट' असं उच्चारायचे. ज्या गावच्या लोखंडावर आजोबांनी तीस वर्षं काढली, त्याच गावच्या मजुरांचा संघ विगनच्या मजुरांशी खेळला होता. आजोबा असते तर मी त्यांना हे फोनवर सांगितलं असतं.

पुढच्या वर्षी, १९१० मध्ये, ब्रिटनचा रग्बी लीग संघ पहिल्यांदाच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. सव्वीस खेळाडू, कप्तान सॅलफर्डचा जेम्स लोमस. आठवडेच्या आठवडे बोटीवर. बहुतेकजण खाणीतले, गिरणीतले, गोदीतले. पहिली कसोटी सिडनीला ब्रिटनने जिंकली. दुसरी २ जुलैला ब्रिस्बेनला. ब्रिटनने ती २२-१७ अशी जिंकली आणि त्यात लेथमचे चार ट्राय होते. बावीसपैकी बारा गुण एकट्या विंगरचे, मालिका त्यावर खिशात. ज्या माणसाला आपल्या देशातल्या प्रतिष्ठित रग्बीच्या मैदानात पाऊल ठेवायला बंदी होती, त्याने आपल्या देशासाठी पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला हे केलं.

१९१२ नंतर तो विगनसाठी खेळला नाही. आणि चार वर्षांनी, १९१६ च्या ऑगस्टमध्ये, ज्या लँकेस्टरला तो जन्मला त्याच्याच अंगाने समुद्राला मिळणाऱ्या ल्यून नदीच्या मुखाशी बोटीच्या अपघातात तो बुडाला. सदतिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. महायुद्ध चालू होतं, सोमच्या लढाईत रोज माणसं मरत होती. टेस्कोतल्या आजोबांनी हे सांगताना दुधाची बाटली या हातातून त्या हातात घेतली आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.

आपल्यातले काहीजण म्हणतील, हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं. आजच्या मुलांना काय त्याचं? मला तसं वाटत नाही. लेथम ज्या जागी खेळायचा त्याच विंगच्या जागी १९५३ मध्ये कार्डिफहून एकोणीस वर्षांचा बिली बॉस्टन आला. वडील सिएरा लिओनचे. सावळ्या रंगाचा पोरगा, या पांढऱ्या गावात. त्याने विगनसाठी ४७८ ट्राय केले. आज गावाच्या मध्यभागी त्याचा पुतळा आहे, आपण त्याच्यासमोरून शंभरदा गेलो असू. २०२५ साली त्याला सर हा किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला असा किताब मिळायची ही पहिलीच वेळ. १८९५ पासून एकशेतीस वर्षं लागली. उशीर कुणी केला आणि का, याचा विचार आपण केला तर 'मजुरांची' हा शब्द आपण त्या सुरात उच्चारणार नाही.

युनियनशी माझं वैर नाही. ज्याला ती आवडते त्याने जरूर खेळावी. माझी हरकत फक्त एवढ्यावर आहे की कामगाराच्या घरातून आलेला खेळ हलका, आणि ज्यात आधीपासून पैसेवाले होते तो भारी, हा हिशेब आपण इथे येऊन उसना घेतला. आपल्यातल्या कितीतरी घरांत दोन पिढ्यांमागे कोणीतरी खाड्याला घाबरून जगलं आहे. मुलांना हे लपवायचं कशाला?

तर माझ्या मागण्या. यंदाच्या सहलीला ओल्ड ट्रॅफर्ड ठेवायचं तर ठेवा, पण त्याआधी एका शनिवारी सगळी मुलं बिली बॉस्टनच्या पुतळ्यापाशी जमवू या, तिथून चालत त्या टेस्कोपर्यंत जाऊ या आणि तिथे उभं राहून त्यांना सांगू या की इथे काय होतं. सांगायचं काम मी करते. ते आजोबा शनिवारी बहुतेक तिथे असतात, त्यांना विचारलं आहे, ते येतो म्हणाले. नंतर रॉबिन पार्कजवळच्या स्टेडियमवर विगनचा घरचा सामना बघू या. २०२४ मध्ये याच संघाने एका वर्षात चारही मोठे करंडक जिंकले आणि आपल्यातल्या मोजक्याच घरांना ते कळलं.

गणपतीत मुलांच्या कार्यक्रमात दरवर्षी आपण कुणा ना कुणा थोराची गोष्ट बसवतो. यंदा त्यात एक जिम लेथमची घ्या. मराठीतच. दहा मिनिटांची मी लिहून देते, 'ब्रोकन टाइम'ला खाडा म्हणूनच.

आणि त्या गृहस्थांना माझी मनापासून विनंती, तुम्ही तुमच्या दोन्ही मुलींना घेऊन या. मुलींचे संघही इथे आहेत, आमच्या क्लबात दर मंगळवारी संध्याकाळी सराव असतो. सामन्याच्या तिकिटांसाठी येत्या रविवारपर्यंत नावं कळवा. पूर्वेकडच्या स्टँडमधली जागा बघते, तिथून डावी विंग समोर दिसते.

आपली,
पाच नंबरच्या जर्सीवाल्याची आई
विगन